मेल्चोरा आणि तळघरातली साध्वी

वामांगा शहरातल्या सांता रोसालिया मठात कुणी साध्वी वारली की पहिली हाक मेल्चोराला जायची. मग ती बाह्या वर सारून, पाण्याचं भांडं चुलीवर चढवून, प्रेताला आंघोळ घालायला निघायची. पाणी कोमट झाल्याशिवाय ती हात लावत नसे.

“मेलेल्या बाईला गार काय आणि गरम काय!” स्वयंपाकघरातली पास्कुआला कुरकुरायची. “माझी लाकडं फुकट जाळतेस.”

“माझे हात गारठतात,” मेल्चोरा म्हणायची. ते खोटं होतं हे दोघींनाही ठाऊक होतं.

मेल्चोराचा बाप मीठवाला. डोंगरातल्या खाणीतून मिठाच्या लाद्या लामा नावाच्या उंच मानेच्या लोकरी जनावरांच्या पाठीवर लादून तो गावोगाव हिंडायचा. बायको तापाने गेली, तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीचं काय करावं हे त्याला सुचेना. मठात मीठ पोचवायला आला, तेव्हा पोरीलाही तिथेच ठेवून गेला. परत येतो म्हणाला होता. पुढच्या वर्षी मीठ आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या लामांवरून.

मठात राहायचं म्हणजे दासी होऊन राहायचं. डोंगरातल्या मुलीला साध्वी होता येत नसे. साध्वी व्हायला स्पॅनिश रक्त लागे आणि बापाने वाजतगाजत आणून सोडावं लागे. मेल्चोराने झाडलोट केली, धुणी धुतली, मांसाला मीठ चोळून ते पत्र्यासारखं कडक होईपर्यंत उन्हात वाळवलं. हे काम तिच्याइतकं मठात कुणालाच जमत नसे. बापाने दुसरं काही दिलं नव्हतं, पण मिठाचा हात दिला होता.

ती बावीस वर्षांची असताना रुफिना आली.

रुफिना वांता खोऱ्यातल्या जमीनदाराची तिसरी मुलगी. थोरल्या दोघींच्या लग्नात घर रिकामं झालं, म्हणून हिला देवाला वाहिली. विशीतली, किडकिडीत, एक खांदा जरा वर. सगळ्या साध्वींना आपापली खोली असे आणि खोलीमागे एक दासी. रुफिनाच्या वाट्याला मेल्चोरा आली.

पहिल्याच आठवड्यात रुफिनाने पेटीतून पितळी मुठीचं एक भिंग काढलं आणि मेल्चोराचा हात धरून तिला मागच्या बागेत ओढत नेलं. तिथे निवडुंगाची रांग होती. त्याच्या पानांवर कापसासारखे पांढरे ठिपके. ते किडे चिरडले की लालभडक रंग निघे, आणि तो रंग मठ विकत असे. मेल्चोराने ते किडे हजारदा खरवडले होते. नीट पाहिले मात्र कधीच नव्हते.

“बघ, बघ. याला पंख आहेत,” रुफिना म्हणाली. “हा नर. आणि आता तोंड शोध याचं.”

मेल्चोराने बराच वेळ पाहिलं. “नाही दिसत, माद्रे.” दासींनी साध्वींना माद्रे, म्हणजे आई, म्हणायचं अशी रीत होती.

“नाहीच मुळी! तोंडच नाही गं याला. खाणार काय? दोन दिवस उडायचं, मादी शोधायची आणि मरून जायचं.” मग ती हळूच म्हणाली, “आपण दोघीच असताना मला माद्रे म्हणू नकोस.”

एका भिंगावर दोन डोकी वाकायची, गालाला गाल लागायचा. रुफिना वहीत किड्यांची चित्रं काढी, कुठल्या महिन्यात किती पिल्लं झाली ते लिही. मेल्चोराची नजर तीक्ष्ण होती, त्यामुळे पाहायचं काम तिचं आणि लिहायचं रुफिनाचं. वामांगाच्या हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं. त्या दोघी एकाच घोंगडीत झोपू लागल्या. पहिल्यांदा थंडीमुळे, मग थंडी सरली तरीही. त्याला काय म्हणायचं हे मेल्चोराला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नाही. चार वर्षं ती सकाळी उठून आधी शेजारी पाहायची, मग खिडकीकडे.

भिंग आधी गेलं. मठाचे पाद्री सेलेदोन यांच्या कानावर रुफिनाच्या वहीची गोष्ट गेली. त्यांनी वही चाळली आणि भिंग आपल्या झग्याच्या खिशात टाकलं.

“देवाने ज्याला लहान केलं, ते लहानच दिसावं म्हणून केलं,” ते म्हणाले. “किड्यांची लग्नं बघत बसणं हे देवाच्या वधूचं काम नव्हे.”

मग मठाच्या प्रमुख, माद्रे पेत्रोनिला, एका पहाटे न सांगता खोलीत शिरल्या. एक घोंगडी आणि दोन डोकी त्यांनी पाहिली. आरडाओरडा त्यांनी केला नाही. मठाच्या नियमांत याला ‘खास मैत्री’ असं सौम्य नाव होतं आणि शिक्षा कडक होती. त्याच दिवशी मेल्चोराला आजाऱ्यांच्या दालनात आणि तळघरात कामाला धाडलं. रुफिनाशी बोलायचं नाही, तिच्याकडे पाहायचं नाही.

पाच वर्षं गेली. प्रार्थनेच्या वेळी साध्वी जिच्याआड बसत त्या लाकडी जाळीबाहेरची फरशी मेल्चोरा पुसायची आणि जाळीपलीकडून रुफिना खोकायची. दोनदा, मग थांबून एकदा. ती त्यांची खूण होती. मी इथे आहे, एवढंच तिच्यात असे. मेल्चोरा बादलीची कडी वाजवून उत्तर द्यायची.

पाचव्या वर्षी खोकला दोनवर थांबेना.

१७८८च्या जून महिन्यात, तिकडच्या ऐन थंडीत, रुफिनाला उचलून आजाऱ्यांच्या दालनात आणली. आता नियम काय करणार? तिथली दासी मेल्चोराच होती. अकरा दिवस त्या दोघी पुन्हा एकत्र राहिल्या. रुफिनाचा ताप उतरत नव्हता. मठात मेलेल्यांना तळघरातल्या कोनाड्यात ठेवत, आणि दोन-तीन वर्षांनी हाडं गोळा करून सगळ्यांच्या हाडांच्या खड्ड्यात टाकत. रुफिनाच्या मनाने तेच घेतलं होतं.

“मला त्या खड्ड्यात मिसळू देऊ नकोस,” ती म्हणाली. “तू झाडायला येशील आणि त्यातली मी कुठली हे तुला कळणार नाही.”

“मला कळेल.”

“कसं कळेल? हाडं सगळी सारखीच असतात गं.”

“मी करते काहीतरी,” मेल्चोरा म्हणाली. “वचन देते. झोप आता.”

रुफिना बाराव्या दिवशी सकाळी गेली. मेल्चोराने पाणी कोमट केलं. मग माद्रे पेत्रोनिलांना विचारलं, “मी एकटीने आंघोळ घातली तर चालेल?” इतक्या वर्षांत त्यांनी दाखवलेली दया ती एवढीच. त्यांनी होकाराची मान हलवली.

मग मेल्चोराने तेच केलं, जे तिला येत होतं.

हिवाळ्यात स्वयंपाकघराची मिठाची पोती दासींच्या खोलीशेजारी रचलेली असत. तिने त्या थंडीच्या दिवसांत, कपडे वाहण्याच्या टोपल्यांतून, ओंजळ ओंजळ मीठ तळघरात नेलं. सोमवार हा मृतात्म्यांचा वार, त्या दिवशी तळघर झाडायचं काम तिचं. रुफिनाच्या कोनाड्याची फळी सरकवायची, ओलं झालेलं मीठ काढायचं, कोरडं भरायचं, डोंगरी पुदिन्याच्या उग्र पाल्याने पुसून घ्यायचं, फळी लावायची. मिठाच्या पाण्याने तिच्या हातांना भेगा पडल्या.

“यंदा उंदीर मीठ खायला लागलेत वाटतं,” पास्कुआला एकदा पोत्याकडे पाहत म्हणाली. मग तिने मेल्चोराचे हात पाहिले, आणि चरबीची वाटी पुढे सरकवली. “लाव. आणि पुढच्या वेळी माझ्या पोत्यातलं नको घेऊस, पलीकडच्या कोठीतलं घे. तिथे कुणी बघत नाही.”

पुढच्या हिवाळ्यापर्यंत रुफिना वाळल्या लाकडासारखी हलकी झाली. मिठाची गरज उरली नाही. चेहरा ओळखू येई. ओठ जरा मागे गेलेले, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे. मेल्चोरा झाडू बाजूला ठेवून तिच्याशी बोलायची. बागेत यंदा किडे भरपूर आलेत. नवीन मुलगी आलीय, तिला रडू आवरत नाही. पाद्रीसाहेबांना दातदुखी झालीय, बरं झालं.

असे काही महिने गेले. मग एका सोमवारी, फळी लावून ती पाठमोरी झाली आणि मागून खोकला आला. दोनदा, मग थांबून एकदा.

तळघरात वारा येत नाही. मेल्चोरा वळली नाही. पायऱ्या चढून वर आली, उन्हात बसली. पुढच्या सोमवारी ती बादली घेऊन गेली. बादलीची कडी वाजवली आणि कान देऊन उभी राहिली. काही आलं नाही. त्यानंतर तो खोकला कधी येई, कधी येत नसे, आणि कुठल्या दिवशी येईल याचा काही नेम नव्हता. हवा होता तेव्हा येत नसे. एखाद्या दिवशी ती घाईत असे, पायऱ्यांवर असे, तेव्हा येई. हळूहळू मेल्चोराच्या मनात एक शंका शिरली. रुफिनाने मागितलं होतं ते एवढंच, की मला ओळख. असं अर्धवट ठेव, असं कुठे म्हणाली होती ती? तो खोकला ‘मी इथे आहे’ असं सांगत होता, की ‘मला जाऊ दे’ असं? रुफिना जिवंत असताना तिला त्याचा अर्थ कधी विचारावा लागला नव्हता.

१७९०च्या ऑगस्टमध्ये एक म्हातारी साध्वी वारली आणि जागा करायला जुने कोनाडे उघडायला घेतले. मेल्चोरा त्या वेळी नदीवर धुणं घेऊन गेली होती. परत येताना तिला मठाच्या सगळ्या घंटा एकदम वाजताना ऐकू आल्या.

रुफिनाचं प्रेत कुजलं नव्हतं, आणि कुजत नाही ते संताचंच, असं लोक मानत. शिवाय त्याला सुवास येत होता. पाद्री सेलेदोन तळघरात गुडघ्यांवर बसले, ते उठायलाच तयार होईनात. चार दिवसांत शहरभर झालं. मठाच्या दारात आंधळे, पांगळे, पोटुशा बाया यांची रांग लागली. पाद्रीसाहेब सांगू लागले की माद्रे रुफिनाच्या आत्म्याला आपणच वळण लावलं होतं. भिंगाची गोष्ट त्यांना आठवत नव्हती.

“बाई गं,” पास्कुआला मेल्चोराला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “हे काय करून ठेवलंस? संत केलीस तिला! आता हे निस्तरायचं कसं?”

“चांगलंच आहे की. आता खड्ड्यात नाही टाकणार.”

“खड्ड्यात नाही. संतांचे तुकडे पूजेला वाटून घेतात, तसे तिचे करणार. काल ऐकलं मी. उजवा हात राजधानीला, लिमाला जाणार, काळीज बिशपना. उरलेलं काचेच्या पेटीत.”

मेल्चोराच्या हातातली बटाट्यांची टोपली खाली पडली.

बिशपनी मात्र एक अट घातली होती. आधी एखाद्या शल्यवैद्याने तपासून लिहून द्यावं की यात निसर्गाचा हात नाही. त्यासाठी डॉक्टर आन्सेल्मो बारेदा यांना बोलावलं. समुद्रापलीकडे कादिसला शिकलेला, पन्नाशीचा, तिरसट माणूस. शहरातल्या गोरगरिबांचं इस्पितळ चालवायचा, आणि पाद्र्यांशी त्याचं कधी पटलं नाही.

प्रेत आजाऱ्यांच्या दालनात आणलं. मेल्चोराने पांघरूण काढलं, हात सरळ केले, आणि तिथेच थबकली. डाव्या हाताची करंगळी नव्हती. पेराजवळ कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ होती.

डॉक्टरांनी कोपर वाकवून पाहिलं, नखांखाली पाहिलं. मग कानामागून काहीतरी पांढरं खरवडून बोटावर घेतलं, आणि ते बोट जिभेला लावलं. पाद्री सेलेदोन दचकून छातीवर क्रूस काढू लागले.

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांची नजर पाण्याचं भांडं धरलेल्या मेल्चोराच्या हातांवर गेली, त्या भेगांवर.

“मला एक तास हवा,” ते म्हणाले. “भांडं धरायला ही बाई पुरे. बाकीच्यांनी बाहेर जावं. बाईमाणसाचं प्रेत आहे, काही लाज राखा.”

दार लागलं.

“किती मीठ लागलं?” डॉक्टरांनी विचारलं.

मेल्चोराने भांडं खाली ठेवलं. “तीन पोती, साहेब. थोडं जास्तच.”

“कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. मांस वाळवायला येतं मला.” आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांना हसू येत होतं आणि ते आवरतही होते. वीस वर्षं ते अशा एका संधीची वाट पाहत होते. घंटा, रांगा, गुडघ्यांवर बसलेले पाद्री, आणि या सगळ्याच्या तळाशी स्वयंपाकघरातलं मीठ. “आणि हे सगळं कशासाठी?”

“ती मला ओळखू यायला हवी होती.”

डॉक्टरांचं हसू गेलं.

“साहेब, तुम्ही लिहा,” मेल्चोरा म्हणाली. “मिठाने झालंय असं लिहा. मग कापणार नाहीत ना तिला?”

“मीठ घातलं कुणी, ते विचारतील.”

“माझं नाव लिहा.”

“वेडी आहेस का? तुम्ही डोंगरातले लोक पूर्वी गुहांमध्ये पूर्वज वाळवून ठेवायचे. पाद्र्यांनी ते शोधून शोधून जाळले. त्यांना वाटेल तू तोच धर्म इथे आणलास, मठाच्या पोटात. चौकात उभं करून फटके मारतील तुला.”

“करंगळी घेतलीय तिची,” मेल्चोरा म्हणाली. “तुम्ही पाहिलीत ना? मला न सांगता घेतली.”

डॉक्टरांनी लिहिलं की तळघराच्या दगडात क्षार आहेत, हवा कोरडी आहे, त्यामुळे प्रेत टिकलं. तिचं नाव त्यांनी गाळलं. पाद्री सेलेदोन कागद वाचून लालबुंद झाले.

“त्याच तळघरात सोळा जणी कुजल्या!” ते माद्रे पेत्रोनिलांच्या समोरच ओरडले. “तुमचे क्षार एकटीलाच शोधत आले काय, डॉक्टर? हा कागद मी बिशपना पाठवणार नाही. दुसरा वैद्य आणीन.”

मेल्चोरा दाराशी उभी होती. तिला आत कुणी बोलावलं नव्हतं. ती आत आली.

“मी घातलं मीठ,” ती म्हणाली. “तीन पोती.”

मग पाद्रीसाहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “तिची पूजा करायचीस? तिला खायला ठेवायचीस? बोल. तुझ्या आज्यांसारखी?”

मेल्चोराने तोंड उघडलं. काय सांगणार होती ती? पूजा नव्हती असं म्हटलं तर मग काय होतं ते सांगावं लागलं असतं, आणि तेही एक पापच होतं, कदाचित मोठं. तिने माद्रे पेत्रोनिलांकडे पाहिलं. माद्रेंना सगळं ठाऊक होतं. त्या पहाटेची घोंगडी त्यांनीच पाहिली होती.

“ही खुळी आहे,” माद्रे पेत्रोनिला म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “लहानपणापासून. रुफिनाने तिला जीव लावला, तिने हे केलं. पाद्रीसाहेब, हिला चौकात उभी केलीत तर लोक विचारतील की दोन वर्षं मठ झोपला होता का. आणि ज्या प्रेतापुढे तुम्ही गुडघे टेकलेत, ते एका दासीने खारवलेलं होतं हेही कळेल. त्यापेक्षा डॉक्टरांचा कागद बरा.”

शेवटी पाद्री सेलेदोन यांनी डॉक्टरांचाच कागद बिशपना पाठवला.

पण प्रेत तसंच ठेवणं शक्य नव्हतं, नाहीतर रांगा हटल्या नसत्या. माद्रेंनी बागेच्या टोकाला खड्डा खणायला सांगितला. प्रेत विरून जावं म्हणून कळीच्या चुन्याची पोती आली. मेल्चोराला बोलावून माद्रे म्हणाल्या, “चुना तू टाकायचास. तुझ्या हाताने झालं, तुझ्याच हाताने संपू दे. आणि मग मठ सोडायचा.”

“करंगळी कुठेय, माद्रे?”

माद्रेंनी नजर वळवली. “एका बाईंनी नेली. त्यांचं मूल आजारी होतं. खेचरांच्या तांड्याबरोबर गेल्या लिमाला, परवाच. मला काय ठाऊक असं होईल?”

भर दुपारी, सगळ्या साध्वी खिडक्यांत उभ्या असताना, मेल्चोराने रुफिनाला खड्ड्यात उतरवलं. ती एकटीच उतरवू शकली, इतकी ती हलकी होती. चेहऱ्यावर तिने फडकं ओढलं. मग फावडं घेतलं. चुना पडला, पाणी पडलं, आणि खड्डा आतून उकळल्यासारखा फुसफुसू लागला. गरम वाफ तिच्या तोंडावर आली. ती कान देऊन उभी राहिली होती. पास्कुआलाने येऊन तिचा दंड धरला आणि ओढत बाजूला नेली, तेव्हा कुठे तिच्या हातातलं फावडं सुटलं.

ती आधी बापाच्या गावी गेली. बाप केव्हाच मेला होता. चुलत भावंडांनी प्रेमाने ठेवून घेतली, पण त्या डोंगरातली शांतता तिला सोसेना. महिन्याभरात ती वामांगाला परतली आणि डॉक्टर बारेदांच्या इस्पितळाच्या दारात बसली. त्यांनी काही विचारलं नाही. प्रेतं धुवायला माणूस हवंच होतं.

तिथे ती बावीस वर्षं राहिली. सुरुवातीला दर सोमवारी मठाच्या भिंतीबाहेर, बाग जिथे संपते तिथे, जाऊन उभी राहायची. काहीही ऐकू आलं नाही. ज्या आवाजाला ती तळघरात घाबरली, त्याचीच तिला आता तहान लागली होती. लिमाहून खेचरवाले आले की ती त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारायची, तिकडे कुणाच्या घरी एका साध्वीचं बोट आहे का हो, चांदीच्या डबीत वगैरे? ते हसायचे. “आजी, लिमात संतांची इतकी बोटं आहेत की दोन संत नवे तयार होतील.”

डॉक्टर म्हातारे झाले तेव्हा त्यांनी एकदा विचारलं, “मेल्चोरा, मी त्या दिवशी तुझं नाव गाळलं, ते तुला वाचवायला. पण माझ्या मनात दुसरंही होतं. तुझं नाव घालून, सगळं उघडं करून, त्यांची जिरवायची होती मला. तासभर मी तोच विचार करत होतो. तुला ते कळलं होतं का?”

“कळलं होतं, साहेब.”

“मग काही बोलली का नाहीस?”

“तुम्ही लिहीत होता,” ती म्हणाली. “तोवर मला तिच्याजवळ बसता आलं.”

इस्पितळात मरणारे लोक तिच्यावर विसंबत. ती त्यांच्या उशाशी बसायची, तोंड पुसायची, कुणाला भीती वाटली तर हात हातात घेऊन सकाळपर्यंत हलत नसे. फक्त एक गोष्ट ती करत नसे. कुणी ‘मला एक वचन दे’ असं म्हणू लागलं, की ती पाणी आणायच्या निमित्ताने उठायची, आणि त्या माणसाला झोप लागेपर्यंत विहिरीपाशीच थांबायची.